शेरभर तेलाचे वजन किती?

१/ पणजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत एक नोंद आहे: 'जवस तेल ४ शेर'. प्रबंधासाठी मी तिचे रूपांतर केले. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणून ४ शेर म्हणजे ३,७३२ ग्रॅम. पिपरी मेघेच्या घरी हे आजीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "तेल कुठं तोलत होते बापा? मापानं द्यायचे."

२/ शेर दोन होते, वजनी आणि मापी. पहिला वस्तुमान सांगतो, दुसरा आकारमान. या दोहोंना जोडणारी राशी म्हणजे घनता: एकक आकारमानात सामावलेले वस्तुमान.

३/ आजीने तेव्हाचेच पितळी अच्छेर काढून दिले. त्यात पाणी भरले ४८० ग्रॅम. जवसाचे तेल मात्र ४४६. पाण्याच्या तुलनेत ०.९३. तेल पाण्यावर तरंगते ते याचमुळे. आठ अच्छेरांचे तेल झाले ३,५६८ ग्रॅम. माझा हिशेब १६४ ग्रॅमनी चुकला होता. एका नोंदीत ही चूक क्षुल्लक वाटेल. परंतु अशाच नोंदींवरून आपण आहार, मजुरी आणि भाव यांचे निष्कर्ष काढतो.

४/ तेलाचा हा प्रश्न वर्ध्याला परका नाही. १९३४ साली येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत बैलघाणीच्या सुधारणेचे प्रयोग झाले. पुढे १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली. शेर गेला, पण मापी-वजनीचा पेच उरला.

५/ कारण घनता तापमानाबरोबर बदलते. तापले की तेल प्रसरण पावते. वस्तुमान तेच, जागा अधिक. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरते, ६० अंशांना सुमारे ८९३. पाकिटावर ६० अंशांचे आकारमान छापले, तर ग्राहकाच्या पदरी २६ ग्रॅम कमी पडतात. म्हणूनच २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख वगळून आकारमानासोबत वजनही छापण्यास उत्पादकांना सांगितले.

६/ आता जुन्या कागदात 'शेर' दिसला की मी आकड्याआधी विचारतो: तोललेला की मापलेला? प्रबंधातील ते पान मी पुन्हा लिहिले आहे.