युरिनची डबी

पारदर्शक प्लास्टिकचं अंग, फिरकीचं झाकण, पोटावर नाव-वय लिहिलेली चिकटपट्टी. लॅबच्या खिडकीपर्यंत तिला पर्समध्ये नाहीतर ओढणीखाली लपवून आणतात. तिला स्वतःला मात्र लाजही नाही आणि कुणाची भीडही नाही. ल्युपसने मूत्रपिंडाला हात घातला, की बहुतेक वेळा सर्वांत आधी खरं बोलते ती हीच.

तिच्याकडे येतात त्या मुख्यतः तरुण बायका. ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, बऱ्याचशा ऐन उमेदीच्या वयातल्या. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते. सांधे दुखतात, गालांवर लाली चढते, केस गळतात. हे कुणालाही दिसतं. मूत्रपिंड मात्र दुखत नाही. तिथल्या सूक्ष्म गाळण्या सुजतात, रक्तातलं प्रोटीन निसटू लागतं आणि बाईला वाटतं, आपलं ठीक चाललंय. पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडू लागतो, त्याच्या कितीतरी आधी डबीला कळलेलं असतं. सकाळच्या पहिल्या लघवीवर फेस धरतो, तो बसता बसत नाही. तपासणीची पट्टी बुडवली की तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवा पडतो. दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रोटीन जाऊ लागलं, की डॉक्टर बायोप्सीचं नाव काढतात.

तिथे डबी मुकाट्याने बाजूला होते. सहा वर्गांपैकी आजार कोणत्या वर्गातला, सूज किती ताजी, व्रण किती जुने, हे सुईने काढलेला मूत्रपिंडाचा तुकडाच सांगू शकतो. पण उपचार सुरू झाले की पुन्हा तिचाच शब्द चालतो. स्टिरॉइड, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड, जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. औषध लागू पडतंय का, हे महिन्यामहिन्याला तीच सांगते. युरोपातल्या दीर्घ अभ्यासांत दिसलं, की 12 महिन्यांनी ज्यांचं प्रोटीन दिवसाला 0.7-0.8 ग्रॅमच्या खाली येतं, त्यांची मूत्रपिंडं पुढची अनेक वर्षं बहुधा टिकतात. 1950च्या दशकात ल्युपसचे जवळपास निम्मे रुग्ण पाच वर्षांत दगावत. आज 90 टक्क्यांहून अधिक जण ती पाच वर्षं ओलांडतात. तरी काहींवर डायलिसिसची वेळ येतेच, आणि त्यातल्या काही जणींची ती टळू शकली असती, हे फार जिव्हारी लागतं.

कारण मधेच गोळ्या सुटतात. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, घरात लग्नाचं बघत असतात. कुणीतरी म्हणतं, "आता बरी आहेस ना, मग कशाला त्या गोळ्या?" ती परस्पर बंद करते. चेहऱ्याची सूज उतरते, घर खूश होतं. आत आजार पुन्हा डोकं वर काढतो, आणि असा प्रत्येक वेळी उलटला की गाळण्यांवर नवे व्रण पडतात. ते भरून येत नाहीत. हे उपचार एकंदर किमान तीन वर्षं चालावे लागतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर त्यानंतरही.

डबी नेहमी वाईटच सांगते असंही नाही. आजार सहा महिने शांत राहिला आणि मायकोफेनोलेटसारखी गर्भाला घातक औषधं वेळीच बदलली, की डॉक्टर बाळाचा विचार करायला हरकत नाही म्हणतात, तेही तिचा कौल घेऊनच. म्हणून बरं वाटत असतानाही तिला भेटत राहावं. बरं वाटणं आणि बरं असणं यांतला फरक, मूत्रपिंडाच्या बाबतीत, तिच्याइतक्या लवकर दुसरं कुणी सांगत नाही.