पंचाहत्तरची नोट

सिंगापूरमध्ये माझा रूममेट यांगूनचा होता. त्याच्या पाकिटात एक जुनी, मळकी नोट असायची. 75 क्यातची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हसलोच. "75 ची नोट असते का कुठे?"

"आमच्याकडे होती," तो म्हणाला. "मग एका सकाळी नव्हती."

मी रत्नागिरीचा. ब्रह्मदेश म्हटलं की आम्हाला दोनच माणसं आठवतात. एक आमच्याकडे कैदेत राहिलेला थिबा राजा आणि दुसरे तिकडे मंडालेला कैदेत राहिलेले टिळक. टिळक 1914 साली सुटले, राजा 1916 साली गेला. त्यानंतरचा ब्रह्मदेश आमच्या पुस्तकांत नव्हताच. तो मला या नोटेमुळे कळला.

नोटेवर आंग सान यांचं चित्र आहे. फेब्रुवारी 1947 मध्ये पांगलाँग गावी त्यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला. एकत्र स्वतंत्र होऊ, तुमचा कारभार तुम्ही बघा, असा त्याचा अर्थ. पाचच महिन्यांनी, 19 जुलैला, भर बैठकीत त्यांना सहकाऱ्यांसह गोळ्या घातल्या गेल्या. वय 32. 4 जानेवारी 1948 ला, ज्योतिषांनी काढून दिलेल्या पहाटेच्या मुहूर्तावर देश स्वतंत्र झाला. मुहूर्त पाळला गेला, पांगलाँगचा शब्द मात्र राहून गेला. वर्षभरात कारेन बंडखोरांशी लढाई सुरू झाली आणि सैन्याला कायमचं काम मिळालं.

2 मार्च 1962 ला जनरल ने विन यांनी सत्ताच घेतली. जुलैत रंगून विद्यापीठातली विद्यार्थी संघटनेची इमारत सुरुंग लावून उडवली. पुढे दुकानं, बँका, गिरण्या सरकारजमा झाल्या आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लाखो भारतीय हात हलवत परतले.

आणि 5 सप्टेंबर 1987. सकाळी घोषणा झाली की 25, 35 आणि 75 च्या नोटा रद्द. बदल्यात काही नाही. नव्या नोटा आल्या त्या 45 आणि 90 च्या, कारण दोन्हींना 9 ने भाग जातो आणि ने विन यांचा 9 वर विश्वास, असं अख्खा देश सांगतो. मित्राच्या आजीने तांदळाच्या डब्यात पैसे साठवले होते. मला आमच्या आजीचा 2016 चा नोव्हेंबर आठवला. पण आम्हाला निदान डिसेंबरअखेरपर्यंत बँकेची रांग तरी होती. तिच्यासाठी रांगसुद्धा नव्हती. फीचे पैसे एका क्षणात कागद झालेली मुलं रस्त्यावर आली. पुढच्या वर्षी, 8-8-88 ला, सगळा देश उतरला. सैन्याने गोळ्या झाडल्या. 1990 च्या निवडणुकीत आंग सान यांच्या मुलीच्या, सू ची यांच्या पक्षाने 492 पैकी 392 जागा जिंकल्या. सैन्याने सत्ता दिलीच नाही.

डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या कबरीवर आले, तेव्हा मी कॉलेजात होतो. गावभर बंदोबस्त. माजी जनरल असूनही किती साधा दिसतो, असं मला वाटलं. देश बदलतोय म्हणे. त्यांच्या 2008 च्या घटनेत संसदेच्या 25 टक्के जागा गणवेशासाठी राखीव आहेत आणि घटना बदलायला 75 टक्क्यांहून जास्त मतं लागतात, हे मला कुठे ठाऊक होतं?

मित्राशी माझं एकदाच कडाक्याचं भांडण झालं. डिसेंबर 2019, सू ची हेगच्या न्यायालयात सैन्याची बाजू मांडत होत्या. 2017 पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते. "ते आमचे नाहीतच," तो म्हणाला. मी त्याला वाट्टेल ते बोललो. महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

1 फेब्रुवारी 2021 ला पुन्हा लष्करी उठाव झाला. दुसऱ्या दिवशी रात्री त्याने आईला फोन लावला, तर पलीकडून फक्त भांड्यांचा आवाज. घरात शिरलेलं भूत हाकलायला तिकडे भांडी बडवतात, सगळं शहर तेच करत होतं. पुढे काही आठवड्यांनी, रस्त्यावर पोरं मरत असताना, तो एकदा जेवता जेवता थांबला. "रोहिंग्यांच्या वेळी हेच सैन्य होतं. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला." मी काहीच बोललो नाही. तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण घास गिळवेना.

फेब्रुवारी 2024 मध्ये सक्तीची लष्करभरती जाहीर झाली. पुरुष 18 ते 35. त्याचा भाऊ 23 चा. आईने दागिने विकून त्याला सीमेपलीकडे थायलंडला धाडलं. कागदपत्रं नाहीत, एका कारखान्यात मिळेल ते काम करतो. आई मात्र यांगून सोडत नाही.

गेल्या मे महिन्यात घरी गेलो, तेव्हा मित्राला व्हिडिओ कॉलवर थिबाची कबर दाखवली. बराच वेळ तो बघत राहिला.

"याला कोणी परत न्यायला आलंच नाही?"

"नाही."

"माझ्या भावाला सांगू नकोस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.