तू दाखव, मी बघते

मुलांचा ऑनलाईन अभ्यास आणि पालक असा विषय निघाला की लोक लगेच पालकांना मोबाईल शिकवायला निघतात. कुठलं बटण दाबायचं, कुठलं ॲप उतरवायचं, पासवर्ड कसा ठेवायचा. गेली दोन वर्षं रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर पाच-सात आया, एखाद-दुसरे आजोबा आणि क्वचित कुणाचे वडील असे जमतात. त्यावरून माझं मत जरा वेगळं झालंय, तेच आज सांगते. (वडील क्वचितच का, हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर लिहीन कधीतरी, भांडणं झाली तर होऊ देत.)

आधीच सांगते, मी काही या विषयातली तज्ज्ञ नव्हे. बी.ए. मराठी माध्यमातून, नोकरीभर पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास. कॉम्प्युटरला हात लावला तो निवृत्तीनंतर, मुलाने बळेबळे बसवलं म्हणून. तेव्हा कुणी मला 'टेक्नोसॅव्ही आजी' वगैरे म्हणू नये, मला ते आवडत नाही.

शाळेत यंत्र येण्याची ही काही पहिली वेळ नाही. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि शाळाशाळांतून टीव्ही आले. मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथे टीव्हीला लाकडी कपाट होतं, कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. ते तालुक्याला गेले की कार्यक्रम बुडाला! पण एक गोष्ट होती. तो टीव्ही शाळेतच राहायचा. पोरं घरी जाऊन "आज टीव्ही दाखवला" म्हणायची, घरचे "बरं" म्हणायचे, विषय संपला. घराचा त्याच्याशी संबंध नव्हता.

बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारचं 'दीक्षा' आलं आणि बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांशेजारी ते काळेपांढरे चौकोन दिसू लागले. क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव तुम्ही ऐकलं असेलच, पाठ्यपुस्तकात हे कोड आणण्यातलं त्यांचं काम २०२० साली जागतिक पुरस्कारापर्यंत पोचलं. आणि त्याच २०२० साली टाळेबंदी लागली आणि शाळा सरळ आईच्या मोबाईलमधून घरात शिरली. कुलूप नाही, किल्ली नाही.

त्या वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. माझ्या शेजारच्या घरी दुसरीतली नात आणि तिची आजी ते एकत्र बघायच्या. आजी तांदूळ निवडत बसायची आणि मधेच म्हणायची, "अगं, हे तर आपण घरी पण करतो की!" नातीला आज काय शिकवलं ते आजीला ठाऊक असायचं, आजी शाळेत गेलेली नसली तरी. टीव्हीचं तसंच असतं, तो खोलीतल्या सगळ्यांना दिसतो, सगळ्यांना ऐकू येतो. मोबाईल एकट्याचा. त्यात कानात ती बोंडं घातली की मूल तुमच्या शेजारी बसून दुसऱ्याच गावाला गेलेलं असतं. पूर्वी पोरगं मोठ्याने पाढे म्हणायचं, कविता घोकायचं, तेव्हा स्वयंपाकघरात आईला न बघता कळायचं की अभ्यास चाललाय की नाही. आता घर गप्प असतं, आणि गप्प घरात अभ्यास चाललाय की दुसरं काही, हे कोण सांगणार?

आता जिच्यामुळे माझ्या ओसरीवरचे हे रविवार सुरू झाले तिची गोष्ट.

आमच्या वाईत मंडईत भाजी विकणारी एक बाई. मुलगा तेव्हा आठवीत, हुशार. घरात मोबाईल एकच, तिचा, पण संध्याकाळी सातनंतर तो मुलाच्या ताब्यात. ती सातवी शिकलेली. सुरुवातीला ती विचारायची, काय रे चाललंय? तर तो म्हणायचा, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?" एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. तिला वाटलं, खरंच की, आपल्याला काय कळतंय.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तिच्या नंबरवर होता. त्यावर सरांनी याचा गृहपाठ राहिल्याचं दोनदा लिहिलं. ते आईने वाचू नये म्हणून पठ्ठ्याने ग्रुप 'आर्काइव्ह' करून टाकला. म्हणजे ग्रुप जात नाही, पण यादीतून नाहीसा होतो, आणि नवा निरोप आला तरी वर येत नाही, आवाजही करत नाही. मुलाच्या मनात एवढंच होतं की गृहपाठाची बोलणी चुकावीत.

पुढे त्याच ग्रुपवर एनएमएमएस परीक्षेचे निरोप आले. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्या घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, अशा आठवीतल्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. सरांनी कागदपत्रांची यादी टाकली, उत्पन्नाचा दाखला आणा म्हणाले, शेवटची तारीख दिली, आठवणही केली. सत्तर-बहात्तर पालकांच्या ग्रुपमध्ये त्यांनी आणखी काय करायचं? मुलानेही ते वाचलं नाही, कारण त्याच्या लेखी तो ग्रुप नव्हताच.

तिला कळलं ते मंडईत. दुसऱ्या एका मुलाची आई मेथी घेता घेता म्हणाली, आमच्याचा फॉर्म भरून झाला. तोवर तारीख उलटून गेली होती. ही परीक्षा आठवीतच देता येते, पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नाही. आता तो पास झालाच असता असं नाही, ते परीक्षेवर. पण बसायलाच मिळालं नाही ना. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, "बाई, दाखला मी एका दिवसात काढला असता. मला कुणी सांगितलं असतं तर." मोबाईल तिचा, निरोप तिच्याच मोबाईलवर, आणि तिला कुणी सांगितलं नाही!

तो ग्रुप कसा शोधायचा ते मी तिला दाखवलं. चॅटची यादी खाली ओढली की सगळ्यात वर 'आर्काइव्ह' अशी ओळ असते, तिथे बोट ठेवायचं. दोन मिनिटांचं काम. पण माझ्या डोक्यात राहिलं ते तिचं दुसरं वाक्य. "मी विचारायचं सोडलं, बाई." हे बटणाने दुरुस्त होत नाही.

म्हणून रविवारी आम्ही बटणं फारशी शिकवत नाही. आमचा सगळा अभ्यासक्रम एका वाक्याचा आहे, "तू दाखव, मी बघते." आईने मुलाशेजारी बसायचं आणि म्हणायचं, आज काय केलंस ते मला दाखव आणि आपल्या भाषेत सांग. आईला उत्तर यायची गरज नाही. उलट येत नसेल तर बरंच, मूल जरा खुलून सांगतं. मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिले त्यातून एवढं मला पक्कं माहीत आहे की ज्याला दुसऱ्याला सांगता आलं त्याला ते आलं. आणि मूल कुठे अडखळलं, कुठे गोलगोल बोलायला लागलं, हे ओळखायला आईला बी.ए. लागत नाही. सहा महिन्यांचा असताना तो भुकेने रडतोय की झोपेने, हे तिला कळत होतंच की.

हल्ली तर याची गरज फारच वाढली आहे. गणिताचा फोटो काढायचा, त्या चॅटजीपीटीला नाहीतर तसल्याच कशाला दाखवायचा की पायऱ्यांसकट उत्तर हजर. वही सुंदर! एका आईने विचारलं, मग ओळखायचं कसं? मी म्हटलं, फोन पालथा घाल, वही मिट आणि म्हण, आता मला सांग कसं केलंस. सांगता आलं तर त्याने यंत्राला विचारलं काय आणि शेजारच्या दादाला विचारलं काय, माझी हरकत नाही. सांगता नाही आलं तर ते गणित त्याने सोडवलेलं नाही, उतरवून घेतलंय.

मागच्या वर्षी एका मुलीला प्रकल्प होता, 'माझ्या परिसरातील नदी'. तिने दहा मिनिटांत चार पानं तयार केली. कृष्णेची लांबी, उपनद्या, धरणं, सगळं शिस्तीत. आईने तिला ते वाचून दाखवायला लावलं आणि ऐकून म्हणाली, "यात आपला घाट कुठाय?" खरंच नव्हता. माघ-फाल्गुनात एकेका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव असतो, ही बाई दरवर्षी प्रसादाच्या पोळ्या लाटायला जाते, तिच्या सासूने पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते बघितलंय. यातलं अक्षर त्या चार पानांत नव्हतं. मग मुलीने आजीला विचारून पाचवं पान हाताने लिहिलं. मी त्यांना म्हटलं, विश्वकोशातही कृष्णेची नोंद बघा, मोबाईलवर फुकट वाचता येतो. ती आई म्हणते कशी, "विश्वकोश म्हणजे ती आपल्या गावातली इमारत ना? मी रोज तिच्यावरनं जाते. ते आत काय करतात ते आज कळलं!" लक्ष्मणशास्त्री जोशींनी हे ऐकलं असतं तर मला वाटतं हसले असते.

हे फक्त कमी शिकलेल्या घरांचं दुखणं आहे असं समजू नका. माझी भाची न्यू जर्सीला असते, स्वतः इंजिनीअर. तिच्या मुलाच्या शाळेत गूगल क्लासरूम आहे, तिला दर आठवड्याला ईमेल येतो, कुठलं काम राहिलं, पुढे काय द्यायचंय. ती म्हणाली, "मावशी, माझ्याकडे सगळी माहिती आहे, फक्त तो काय शिकतोय तेवढं मला माहीत नाही." मंडईतल्या बाईकडे निरोप पोचत नव्हता, हिच्याकडे रतीब घातल्यासारखा पोचतोय, आणि दोघी तिथेच!

'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. शंभरातल्या ८२ मुलांना तो वापरता येतो. ज्यांना येतो त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया पाहिला होता. मला हे वाचून धक्का वगैरे बसला नाही. आपणही तेच करतो की.

एक मात्र सांभाळावं लागतं. 'दाखव' म्हणजे झडती नव्हे. एका घरी आईने मुलीच्या मोबाईलमध्ये मित्राचा एक साधा फोटो बघितला आणि फोनच काढून घेतला. त्याबरोबर नववीचे व्हिडिओ, शिक्षकांना शंका विचारायची सोय, सगळं गेलं. मुलाचा फोन असा कुणी काढून घेतल्याचं माझ्या ओसरीवर अजून ऐकलेलं नाही, मुलींचेच जातात. त्या आईशी मी जरा कडक बोलले. ती दोन रविवार आली नाही, तिसऱ्या रविवारी आली. फोन परत दिला का ते मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं, संध्याकाळी एक तास देते म्हणून. तेही काही खरं नाही, पण असो.

आणि बटणं अगदीच शिकवत नाही असंही नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, शाळेतून बोलतोय म्हणाला तरी नाही, हे मी दर रविवारी म्हणून घेते, पाढ्यासारखं. पुस्तकातल्या त्या चौकोनाखाली सहा अक्षरांचा संकेतांक छापलेला असतो, कॅमेरा फुटलेला असेल तर 'दीक्षा'मध्ये तो टाइप केला तरी धडा उघडतो. हे कळल्यावर दोघीतिघी केवढ्या खूश झाल्या, कारण कॅमेरे बहुतेकांचे फुटलेलेच! व्हिडिओ एकदा उतरवून ठेवला की पुन्हा नेट लागत नाही, हेही.

सगळ्यांना जमतं असं मुळीच नाही. रात्री नऊला कामावरून येणारी बाई कुठली शेजारी बसणार? तिला मी म्हणते, भाकरी थापताना समोर बसव, त्याला बोलू दे, तू हूं म्हण. कधी जमतं, कधी ती पण थकलेली आणि तो पण. मंडईतल्या त्या बाईचा मुलगा आता दहावीत आहे. ग्रुप पिन करून वर ठेवलाय, तिनेच. बारावीपर्यंतचे पैसे तिला भाजीतूनच उभे करायचे आहेत आणि ती ते बोलून दाखवत नाही, मुलाला ते माहीत आहे एवढं मला त्याच्याकडे बघून कळतं.

आमच्या रविवारच्या मंडळात सगळ्यात चांगलं जमलंय ते गंगापुरीतल्या एका आजोबांना. नातू सहावीत, भारी चळवळ्या. आजोबा रोज संध्याकाळी मोबाईल लांब धरतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "बाळा, अक्षर लागत नाही रे, जरा मोठ्याने वाचून दाखव आणि अर्थ सांग." नातू कुरकुरत का होईना, रोज धडा वाचतो आणि समजावून सांगतो, आजोबांची सोय करतोय म्हणून. आजोबांचे दोन्ही मोतीबिंदू गेल्या वर्षीच निघालेत. पेपर ते बिनचष्म्याचा वाचतात, पण नातू शाळेत गेल्यावर.