धम्मसहल : बसने की आपल्या आपण रेल्वेने?

पावसाळा सरला की उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथ, बदलापूरपर्यंत वसाहतींच्या कमानींवर एकाच तऱ्हेचे फलक दिसू लागतात. 'बुद्धगया, सारनाथ, कुशीनारा, लुंबिनी. ११ दिवस. चहा, नाश्ता, दोन वेळचे जेवण.' एका बाजूला तथागत, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब आणि मध्ये मोबाईल नंबर. मग रविवारची वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर चर्चा रंगते. नाव नोंदवायचे की आपले आपण जायचे? आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम., त्यामुळे हिशेबाचा कागद फिरून फिरून आमच्याच पुढ्यात येतो. आम्ही २०२२च्या डिसेंबरात बसने आणि २०२४च्या नोव्हेंबरात रेल्वेने, असे दोन्ही प्रकारे जाऊन आलो आहोत. तेव्हा समाजबांधव व भगिनींसाठी चार शब्द लिहितो.

बसवाल्यांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांतले आम्ही नव्हेत. ज्या बाईने आयुष्यात बँकेची स्लिप स्वतः भरली नाही, जिचे गुडघे दुखतात, जिला हिंदी बोलताना घाम फुटतो, तिला बस म्हणजे चालते घर वाटते. सोबत आचारी असतो. बिहारमध्ये रात्री आठ वाजता ताटात पिठले आणि गरम भात पडतो, याची किंमत तिथे गेल्यावरच कळते. आणि आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते. बसमध्ये आडनाव विचारले जात नाही. सगळी आपलीच माणसे. रेल्वेने गेलो तेव्हा वाराणसीत एका लॉजच्या मॅनेजरने आमची ओळखपत्रे उलटसुलट पाहिली, 'ये कौन लोग होते हैं?' असे शेजारच्याला हळूच विचारले आणि थोड्या वेळापूर्वी रिकाम्या असलेल्या खोल्या एकाएकी भरल्या. सोबत तेरा माणसे, त्यांत आठ बायका. आम्ही वाद घातला नाही, रिक्षा केल्या आणि दहा किलोमीटरवरच्या सारनाथला जाऊन विहाराच्या अतिथिगृहात उतरलो. तिथे स्वच्छ गादी मिळाली आणि सकाळी वंदनेचा आवाज कानी पडला. जो आपला आपण जाईल त्याने मुक्काम शहरात न करता सारनाथलाच करावा, हे आमचे आता ठाम मत आहे.

बसचे दुखणे वेगळे आहे. अकरा दिवसांत चार महास्थाने, वर राजगीर, नालंदा, वैशाली आणि खरेदी. एवढे सारे बसवायचे म्हणजे प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला तास-दीड तास येतो. डिसेंबरात उत्तरेत धुके असते. त्या धुक्यात बस रात्रभर रांगली आणि हरवलेला वेळ बुद्धगयेच्या वाट्यातून कापला गेला. २०१३च्या जुलैतील स्फोटांनंतर महाबोधी मंदिरात मोबाईल नेता येत नाही, तो काउंटरवर जमा करावा लागतो. चप्पल, मोबाईल, तपासणी या रांगांतच निम्मा वेळ गेला. आमच्या चाळीतल्या एक आत्या सोबत होत्या. साठी ओलांडलेल्या, कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासून मुले शिकवलेल्या. त्यांनी दोन वर्षे भिशी लावून पैसे जमवले होते. त्या बोधिवृक्षापाशी पोचल्या, हात जोडले आणि बाहेरून शिट्टी वाजली. परतताना त्या खिडकीबाहेर बघत एवढेच म्हणाल्या, "झाड बघितलं, पण बसले नाही."

त्यात वाटेत घेतलेला भाड्याचा गाईड. त्याने माइक हातात घेऊन भगवान बुद्ध हे विष्णूचा नववा अवतार, असे ठोकून दिले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा त्याला कोण सांगणार? आमच्या महिला मंडळाच्या ताई उठल्या, त्यांनी माइक मागून घेतला आणि पाचवी प्रतिज्ञा पाठ म्हणून दाखवली. गाईड पुढे गप्प बसला, पण त्याचे पैसे आमच्याच वर्गणीतून गेले होते.

आता रेल्वेचे बघू. आपल्या वस्तीत जेव्हा कोणी म्हणते की बायामाणसांना परराज्यात रेल्वेने नेणे जोखमीचे, तेव्हा आम्हाला गंमत वाटते. याच बायका दीक्षाभूमीला जाण्यासाठी कल्याणला विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढतात, प्रसंगी उभ्याने नागपूर गाठतात, पोरासोराला आणि डब्याला सांभाळतात. ६ डिसेंबरला दादरच्या गर्दीत त्या कुणाचा हात धरून चालत नाहीत. त्यांना गया लांब वाटते ते कुणी आजवर वेळापत्रक समोर धरले नाही म्हणून.

ते वेळापत्रक असे. कल्याणहून महानगरी एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते आणि परतताना गयेहून हावडा-मुंबई मेल थेट कल्याणला आणून सोडते. ही प्रयागराजमार्गे येणारी मेल, नागपूरमार्गे येणारी वेगळी, तिकीट काढताना नीट पाहावे. महानगरी मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणून तिकिटावर तारीख पुढची घालावी लागते. बुधवारी रात्री जेवून निघायचे असेल तर आरक्षण गुरुवारचे! आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे, १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आले. एका तिकिटावर सहाच नावे बसतात, तेव्हा तेरा जणांची तीन तिकिटे झाली. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२०मध्ये बंद झाली, परंतु ४५ वर्षांवरील भगिनींसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. आत्यांना खालचा बर्थ मिळाला तेव्हा त्यांनी आधी तो ओल्या फडक्याने पुसून काढला.

आम्ही ठरवले की रोज गाव बदलायचे नाही. सारनाथला तीन रात्री, बुद्धगयेला चार रात्री आणि तिथून दिवसाच्या फेऱ्या करायच्या. याचा फायदा शुक्रवारी कळला. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. त्या दिवशी धमेक स्तूपापाशी बसलो होतो, तेवढ्यात मराठी बोलणारी एक बस आली. बायका धावत संग्रहालयाकडे गेल्या आणि दाराला कुलूप. दुपारी दोनला त्यांची बस गयेकडे निघायची होती. एका आजीने कडी हलवून पाहिली आणि परत फिरली. आमच्याकडे शनिवार होता.

शनिवारी आम्ही तो सिंहस्तंभाचा शिरोभाग पाहिला. १९०४-०५च्या उत्खननात सापडलेला, माणसापेक्षा उंच, एकाच दगडातला. खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि त्यांच्यामध्ये धम्मचक्रे. २६ जानेवारी १९५० रोजी हीच आपली राजमुद्रा झाली. ज्या मुद्रेखाली आम्ही वीस वर्षे जावक क्रमांक टाकत आलो, तिचा मूळ दगड एवढा तुळतुळीत असेल असे वाटले नव्हते. १९५६च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेब सारनाथला येऊन गेले, त्यानंतर काही दिवसांतच महापरिनिर्वाण झाले. हे ताईंनी तिथेच गवतावर बसून सर्वांना सांगितले. कुणी शिट्टी वाजवली नाही.

बुद्धगयेला आत्या चारही दिवस पहाटे मंदिरात गेल्या. पहिल्या दिवशी आम्ही सोबत गेलो, नंतर त्या एकट्याच. थायलंड, श्रीलंका, तिबेटच्या उपासकांमध्ये पांढरी साडी नेसून बसत. तिसऱ्या दिवशी श्रीलंकेच्या एका बाईने त्यांना आपल्या चटईवर जागा दिली, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्रिशरण-पंचशील दोघींचे एकच. वेळ असला की प्रश्नही सुचतात. मंदिराच्या आवारातले पुजारी पाहून आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाने विचारले, हे इथे कसे? मग १९४९चा बुद्धगया मंदिर कायदा निघाला, व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. अनागारिक धम्मपालांनी १८९१मध्ये सुरू केलेला लढा अजून संपला नाही, हे त्याला प्रथमच कळले. आम्ही परतल्यावर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५मध्ये, याच प्रश्नावर भिक्खू तिथे उपोषणाला बसले, तेव्हा तो मुलगा अंबरनाथला सह्यांचे कागद घेऊन दारोदार फिरत होता.

राजगीर-नालंदा एका दिवसात गाडी ठरवून केले. गृध्रकूट पायी चढलो. नालंद्याला मात्र घाईच झाली, तिथे एक अख्खा दिवस हवा.

पण रेल्वेवाल्यांनीही फुशारक्या मारू नयेत. आमची कुशीनारा आणि लुंबिनी राहिली, म्हणजे चारपैकी दोनच महास्थाने झाली. बसवाल्याने चारही दाखवली होती, उभ्या उभ्या का होईना. गोरखपूरपर्यंत रेल्वे ठीक. तिथून कुशीनारा पन्नासेक किलोमीटर, लुंबिनीला सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात जायचे. तिथे पाठीवर पिशव्या घेऊन वाहने बदलत बसणे वयस्कर माणसांना झेपणारे नाही. तेवढ्या टप्प्यापुरती बस किंवा मोठी जीप भाड्याने घ्यावी. लुंबिनीच्या अशोकस्तंभावर सम्राटाने त्या गावचा कर आठव्या हिश्श्यावर आणल्याची नोंद आहे. हिशेबाच्या माणसाला ती डोळ्यांनी बघायची आहेच.

खर्चाचे सांगायचे तर बसचे माणशी १८ हजार घेतले होते, रेल्वेने ११ हजारांच्या आत बसले. पै-पैचा हिशेब विहारात वाचून दाखवला आणि उरलेले पैसे परत केले. अर्थात तिकिटे, खोल्या, औषधे बघायला दोन माणसांना राबावे लागले. ते राबायला कोणी नसेल तर बस बरी.

या फेब्रुवारीत, धुके सरल्यावर, गोरखपूरचा बेत आहे. एकोणीस नावे आली आहेत, म्हणजे चार तिकिटे. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, नुसत्या आधारवर विसंबू नये, असे सर्वांना कळवले आहे. आत्यांच्या मतदार कार्डावर अजून अंबरनाथच्या जुन्या खोलीचा पत्ता आहे. तो चालतो, असे त्यांना दोनदा सांगितले, तरी परवा त्या कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा विचारायला आल्या होत्या.