एक नोंद, अनेक आकृत्या

बँकेतील ३४ वर्षांच्या नोकरीनंतर मी घरच्या घाऊक कापड दुकानाच्या हिशेबात लक्ष घालू लागलो. बिलिंग, गोदामातील साठा, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँक या चार संगणकीय व्यवस्था एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, याची सुबक आकृती काढून मी ती गल्ल्यामागे लावली. गेल्या वर्षी तिच्याच भरवशावर पुतण्याने बिलिंगची प्रणाली बदलली. त्याच आठवड्यात गोदामात नसलेला माल विकला गेला आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांची क्षमा मागावी लागली.

पुतणसून संगणक अभियंता आहे. ती म्हणाली, "काका, आकृती नंतर; आधी संबंध लिहून काढू." सायमन ब्राउन यांची ‘सी-फोर’ पद्धत आणि तिच्यासाठी त्यांनीच घडविलेली ‘स्ट्रक्चरायझर डीएसएल’ ही लेखी भाषा तिने मला समजावली. साध्या मजकुराच्या फायलीत प्रत्येक व्यक्ती, प्रत्येक प्रणाली आणि कोण कोणाला काय पुरवते, हे एकेका ओळीत एकदाच लिहायचे. त्याच नोंदींतून संगणक अनेक आकृत्या काढतो: मालकासाठी सर्व प्रणालींची एकत्रित, अभियंत्यासाठी एकाच प्रणालीच्या अंतरंगाची. एका जागी नाव बदलले की ते सर्वत्र बदलते. कीर्दीत एक नोंद आणि तिच्यावरून खतावणी, हे तर आपल्या पेढ्यांचे जुनेच शास्त्र!

मात्र कीर्दीत न आलेला व्यवहार खतावणीत दिसत नाही. लिहिता लिहिता तिने विचारले, "गोदामातली शिल्लक बिलिंगमध्ये येते कशी?" मी ठामपणे म्हणालो, "आपोआप." माझ्या आकृतीतील बाण तेच सांगत होता. तेवढ्यात कोपऱ्यातून आमचे वृद्ध दिवाणजी हळूच म्हणाले, "साहेब, ती मी रोज रात्री हाताने भरत होतो. नवे यंत्र आल्यावर वाटले, आता तेच भरत असेल."

मी खाली पाहिले. यंत्रे जोडताना मी माणूस वगळला होता, आणि नवी प्रणाली घेताना त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

सुनेने फायलीत ओळ लिहिली: दिवाणजी बिलिंगमध्ये रोजची शिल्लक भरतात. क्षणात नव्या आकृतीत त्यांची चौकट उमटली. जुना कागद मी स्वतः उतरविला. आपल्या पेढीची अशी आकृती काढावयाची असेल, तर वाचकहो, पहिला प्रश्न यंत्राला नव्हे, दिवाणजींना विचारावा.