झिपरीची वेणीफणी

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. मुरबाडहून कर्जतकडे जाणारा एरवीचा निवांत रस्ता तेव्हा माणसांनी, बैलांनी आणि धुळीने गच्च होतो. खांबलिंगेश्वराचं दर्शन झालं की बहुतेक पावलं बैलबाजाराकडे वळतात. माझी वळतात घोंगड्यांच्या पालांकडे. काळी, करडी, मधूनच पांढरी रेघ असलेली घोंगडी घड्या घालून मांडलेली असतात. त्यांना लोकरीचा, धुराचा आणि मेंढरांचा मिळून एक वास असतो. हात फिरवला की तळव्याला टोचतात, तरी हात काढून घ्यावासा वाटत नाही. विकणारा घडी उलगडतो, चिंचोक्याच्या खळीने आलेला ताठपणा दाखवतो आणि बजावतो, “मावशी, गरम पाण्यात घालू नगा, अन् आपटून धुवू बी नगा. आटंल.”

त्या ‘आटंल’मध्ये लोकरीचं सगळं शास्त्र आहे. केस नुसता गुळगुळीत दोरा नसतो. त्याच्यावर नजरेला न दिसणारे खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, सगळ्यांच्या कडा टोकाकडे. केस भिजला की या कडा उचलल्या जातात. घासला की एक केस दुसऱ्यात एकाच दिशेने सरकतो आणि मागे यायला गेला की अडतो. पाणी, ऊब आणि घर्षण मिळालं की मोकळी लोकर घट्ट होत जाते. माग सांभाळणाऱ्यांनी हाच गुण हाताशी धरून थंडी अडवणारं वस्त्र घडवलं. पण हीच घडण जिवंत पाठीवर, कातडीला लागून होऊ लागली, तर त्या जनावराचं काय होतं, ते मला झिपरीमुळे कळलं.

झिपरी ही ल्हासा जातीची कुत्री. शेजारच्या फार्महाऊसवाल्यांनी परदेशी जाताना ती माझ्याकडे दिली. नाव वाडीतल्या पोरांनी ठेवलं आणि त्याच दिवशी चिकटलं. तिच्या पूर्वजांचं घर तिबेटातलं, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्याही वरचं. तिथली हवा कोरडी आणि थंडी बोचरी, म्हणून जमिनीला टेकणारे केस अंगावर शोभतात. इथे मात्र सिद्धगडावरून ढग उतरले की चार महिने ओल भिंतींतूनही जात नाही. त्यातून या जातीचे केस फारसे गळून पडत नाहीत. सुटलेला मेलेला केस जिवंत केसांतच अडकून बसतो, आणि पहिली गाठ तिथेच धरते.

वाडीतल्या कुत्र्यांना यातलं काही ठाऊक नाही. आखूड, चपटे केस, अंग झाडलं की पाणी उडालं. दिवाळीनंतर घाटावरचे मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरतात, भात निघालेल्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवली जातात. त्यांच्या राखणीच्या कुत्र्यांकडेही मी बारकाईने पाहते. उन्हापावसात जगलेली, धुळीने माखलेली कुत्री, पण अंगावर गुंता नाही. मेंढरांची लोकर तर वेळच्या वेळी कातरली जाते. आपल्याकडच्या शिकारी कुत्र्यांत पश्मीच्या कानांना आणि शेपटीला रेशमी झालर असते, पण तीही झालरच. नखशिखांत लांब केस कुत्र्याला लागले ते माणसाच्या आवडीने, पिढ्यान् पिढ्या निवडून. म्हणून ते विंचरण्याचं काम माणसाच्या वाट्याचं आहे, असं मी मानते. कुत्र्याची जीभ त्याला पुरी पडणार नाही.

संध्याकाळी दिवा लावला की आम्ही ओट्यावर बसतो. रस्त्याने जाणारी एखादी हमखास विचारते, “काकू, कुत्रीची वेणीफणी चालली का?” चालली असते खरी. वरवर ब्रश फिरवला की कुत्री चकचकीत दिसते आणि गुंता आत तसाच राहतो. म्हणून भांग पाडावा लागतो. एका हाताने केस वर धरायचे, खाली कातडीची गुलाबी रेघ दिसली पाहिजे. तिथून थोडे थोडे केस खाली सोडत बारीक तारांचा ब्रश चालवायचा. मग स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत घालून पाहायची. फणी कुठेही न अडता बाहेर आली, तरच तेवढी जागा झाली म्हणायची.

गुंता कुठे धरतो, हे हाताला पाठ झालं आहे. कानांमागे, पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी. जिथे अंग अंगाला घासतं आणि जिथे ओल टिकते, तिथे. लहान गाठ असेल तर मुळाशी केस चिमटीत धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळायचं, बोटांनी ती उकलायची आणि टोकाकडून फणीने सोडवत यायचं. कात्रीचा मोह मी कटाक्षाने टाळते. गाठ कातडीला वर ओढून आपल्यात घेते, आणि केस समजून आपण कातडीच कापू शकतो. घट्ट बसलेली जट जनावरांच्या डॉक्टरांनी मशीननेच काढावी.

आंघोळीचं तर घोंगडीवाल्याने सांगूनच ठेवलं आहे. गुंतलेल्या केसांवर पाणी पडलं की गाठ आवळते. म्हणून आधी फणी, मग पाणी, मग टॉवेलने चोळण्याऐवजी दाबून टिपणं, आणि शेवटी कातडीपर्यंत वाळवणं. वरून कोरडी दिसणारी झिपरी आतून ओली असू शकते, म्हणून बोटं मुळाशी घालून पाहते.

हे सगळं रूपासाठी असतं तर मी एवढा जीव लावला नसता. घट्ट झालेली जट प्रत्येक पावलाला कातडी ओढते. काखेत असेल तर चालच बदलते. तिच्याखाली वारा पोचत नाही, ओल साचते, कातडी लाल होऊन चिघळते. गोचिडांना आणि पिसवांना आसरा मिळतो. पावसाळ्यात अशा चिघळलेल्या जागी माशी बसली तर अळ्या पडतात, आणि वरच्या केसांमुळे घरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. कुत्रं रडून सांगत नाही. ते कोपऱ्यात बसतं, हात लावू देत नाही, आणि आपण म्हणतो, हल्ली चिडकं झालंय.

पाऊस सरला की दुसरा त्रास सुरू होतो. बांधावरचा आघाडा वाळतो, कुसळ पिकते. झिपरी गवतातून आली की पोटाखाली आघाड्याची बोंडं ओळीने लटकलेली असतात, आणि प्रत्येक बोंडाभोवती केस वळू लागलेले असतात. ती त्याच संध्याकाळी काढली तर बोटाने निघतात. कुसळ मात्र अधिक वाईट. तिचं टोक सुईसारखं, केसांतून कातडीत आणि कातडीतून आत शिरतं. बोटांच्या बेचक्यांत शिरलं तर पाय सुजून पू होतो. म्हणून मार्गशीर्षापर्यंत मी प्रत्येक पंजा उलटा करून, बोटं फाकवून, दिव्यापाशी धरून पाहते, आणि तळव्याचे केस आखूड ठेवते. अंगावरचेही उन्हाळ्याआधी थोडे कमी करून घेते.

शेजारची सातवीतली मुलगी यंदा हे काम शिकते आहे. आधी तिला फक्त पाठ विंचरायची असायची, कारण पाठ सोपी आणि तिथलं काम लगेच दिसतं. आता ती झिपरीला कुशीवर निजवते, पुढचा पाय हळूच उचलते आणि थेट काखेपासून सुरू करते.