कालव्याच्या वर की खाली?

सध्या आमच्या टीमला एक नवीन खूळ लागलंय. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान काढतो, जगात कुठेतरी नेतो, नावांच्या पाट्या बंद करतो आणि वरून दिसणाऱ्या जमिनीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. बाकीच्यांनी सोमवारपर्यंत जागा ओळखायची. पैज फक्त चहाची, पण चुरस अशी की विचारू नका.

थोडा सराव झाला की बरंच जमतं. चौकोनी जमिनीत गोल गोल हिरवी शेतं दिसली की अमेरिका, बहुधा कॅन्सस. तिथे मधल्या खांबाभोवती फिरणारा लांबलचक पाइप पाणी देतो, म्हणून पीकही गोल. नदीला काटकोनात चिकटलेल्या अरुंद पट्ट्या म्हणजे क्वेबेक. फ्रेंचांनी जमीन अशी वाटली की नदी प्रत्येकाच्या वाट्याला यावी. (घरांवर मात्र विसंबू नये. 2020 साली आलेल्या या सिम्युलेटरमध्ये खालची जमीन बिंगच्या चित्रांची, पण बहुतेक घरं प्रोग्रामने अंदाजाने उभी केलेली. मेलबर्नच्या एका साध्यासुध्या उपनगरात 212 मजली सुळका उगवला होता, कारण ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीतरी 2 ऐवजी 212 टाइप केलं होतं. टेस्टिंगवाल्या मंडळींना सप्रेम भेट!)

तर मागच्या महिन्यात मी एक चित्र टाकलं. वळणावळणाची नदी. तिच्यावर मधूनमधून बारीक आडव्या रेघा, प्रत्येक रेघेच्या एका अंगाला पाणी तुंबलेलं. नदीच्या दक्षिणेला गर्द हिरवा पट्टा, मग एक नागमोडी रेघ आणि रेघेपलीकडे एकदम तपकिरी माळ. उत्तरं आली नाईल, स्पेन, कझाकस्तान. कॅन्सस सात सेकंदांत ओळखणाऱ्या आमच्या चॅम्पियनने छातीठोकपणे मोरोक्को सांगितलं. तेही पुण्यातल्या ऑफिसात बसून!

होता आपला दौंड तालुका. ऑफिसपासून जेमतेम दीड तास.

त्या आडव्या रेघा म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यात त्यांचे ढापे (लोखंडी फळ्या हो) काढून ठेवतात आणि पाऊस सरला की पुन्हा बसवतात. म्हणजे चित्र कुठल्या ऋतूतलं तेही कळतं. आणि नागमोडी रेघ म्हणजे खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा. कालवा जमिनीची पातळी सांभाळत जातो, म्हणून तो सरळ जात नाही. पाणी आपोआप जाणार ते त्याच्या खालच्या अंगाला. तिथे ऊस, गुऱ्हाळं, पक्की घरं. वरच्या अंगाला बाजरी, ज्वारी आणि आभाळाकडे बघणं. आमच्याकडे सोयरीक जमवताना पत्रिकेच्या आधी विचारतात, जमीन कालव्याच्या वर की खाली?

आमची वर.

घरी हा खेळ दाखवला तर आईने शिरूर झटक्यात ओळखलं. तिचं माहेर ते. घोडनदी, तिच्यावरचा नगर रस्त्याचा पूल, पुलापलीकडे दुसरा जिल्हा, म्हणजे आताचं अहिल्यानगर. दौंड शहर तर कोणीही ओळखावं. सोलापूर, मनमाड, बारामती असे फुटलेले रूळ आणि मनमाडच्या गाडीला इंजिन फिरवावं लागू नये म्हणून टाकलेली कॉर्ड लाईन. वरून चक्क त्रिकोण दिसतो.

अण्णांना रुळांत रस नव्हता. "आपल्या वस्तीवर ने," म्हणाले. नेलं. वस्तीच्या पत्र्याच्या घराजागी सिम्युलेटरने कौलारू बंगला बांधून ठेवला होता. आई हसली. अण्णांनी बंगल्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी एक बोट आमच्या शेतावर ठेवलं, दुसरं कालव्यावर.

"इथून इथपर्यंत किती?"

नकाशा उघडून मोजलं. म्हटलं, "चारशे मीटर."

"नीट मोज."

पुन्हा मोजलं. तेवढंच. शाळेत असताना ते रोज सकाळी कालव्यावरून दोन घागरी आणायचे. ती चार एकर कोरडवाहू राहिली म्हणून अण्णा पुण्यात कंपनीत लागले आणि म्हणून मी इथे कोड लिहितोय.

अण्णा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "मला मैलभर तरी वाटायचं."